‘तीन महिने झाले, एक गाणं वाजवता येत नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार काका,

क्लासमध्ये सगळी पोरं तुम्हाला काका म्हणतात, म्हणून इथेही तेच लिहितो. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण बायकोने फोन काढून घेतला. बरंच झालं, कारण काल क्लास उघडल्यावर कोपऱ्यात तुमची गिटार दिसली. रागाच्या भरात ती इथेच राहिली आहे.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. जूनमध्ये नाव घातलं, तीन महिन्यांचे ७,५०० रुपये भरले, अजून एक गाणं येत नाही. बोटं सोलवटली. अर्धा वेळ गिटारी जुळवण्यात जातो. सरांनी तुमच्या गिटारला नावं ठेवली, म्हणजे आम्हाला आमची खपवायची असणार. आणि फी परत हवी.

सुरुवात गिटारपासून करतो, कारण चूक आमची आहे आणि ती तिथेच आहे. काल तुमच्या गिटारची ॲक्शन मोजली. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: तार आणि फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, यांच्यातलं अंतर. बाराव्या फ्रेटपाशी स्टीलची पट्टी लावली तर जाड तारेखाली चार मिलिमीटर भरले. खात्री करायला एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून तारेखाली सरकवली, तरी वर फट उरली. नवशिक्याला ते अंतर अडीचच्या आसपास हवं. म्हणजे बाकीचे तार दाबत होते आणि तुम्ही तार वाकवत होता. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण साठ-सत्तर किलोच्या घरात असतो, त्यात ही उंची. बोटं सोलवटणारच. सुरुवातीचे तीन-चार आठवडे बोटांची टोकं सगळ्यांचीच दुखतात, मग घट्टे पडतात आणि दुखणं विसरायला होतं. तीन महिने दुखत राहिली, तर ते गिटारचं दुखणं असतं. आम्ही ते पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. सरांनी दुसऱ्या महिन्यात ‘काका, गिटार बदला’ असं म्हटलं, पण मोजून काही बघितलं नाही. तीन महिन्यांत एकदाही पट्टी लावली गेली नाही, याबद्दल मनापासून माफी मागतो.

बदलायची गरजही नव्हती. डोंबिवलीत जून ते सप्टेंबर लाकूड पाणी पितं, गिटारचं पोट थोडं फुगतं आणि तारा वर उचलल्या जातात. त्यात तुम्ही ती हॉलच्या खिडकीपाशी ठेवता, असं एकदा बोलता बोलता म्हणाला होता. ट्रस रॉडला, म्हणजे मानेच्या आतल्या सळईला, थोडा पीळ, ब्रिजवरची पांढरी सॅडल, म्हणजे पोटावर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, खालून घासायची आणि बाराऐवजी दहा नंबरच्या पातळ तारा, एवढ्याने काम होईल. सॅडल जेवढी घासू त्याच्या निम्मंच बाराव्या फ्रेटपाशी उतरतं, त्यामुळे ते जपून, थोडं थोडं करावं लागतं.

आम्ही गिटार विकत नाही. मात्र ज्या दुकानात पोरांना पाठवतो, तिथे आम्हाला तारांचे सेट थोडे स्वस्त पडतात. एवढा संबंध आहे, तो लपवत नाही.

आता गाण्याबद्दल. बाहेरच्या बोर्डावर ‘३ महिन्यांत गिटार शिका’ असं लिहिलंय, त्यामुळे तुम्ही हिशेब मागितलात यात गैर काही नाही. ती ओळ माझी. शेजारच्या क्लासच्या बोर्डावर ‘३० दिवसांत’ होतं, तेव्हा मला वाटलं आपण फार प्रामाणिक आहोत. या आठवड्यात ती ओळ पुसतो.

पण तुम्हाला काहीच आलं नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. तुमच्या वहीच्या मागच्या पानावर एका मिनिटात किती वेळा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची पकड, बदलली याचे आकडे आहेत, दर आठवड्याला सरांनी सही केलेले. पहिल्या आठवड्यात जी ते डी अकरा वेळा. शेवटच्या आठवड्यात सव्वीस. तुमच्या गाण्याची लय मिनिटाला ऐंशी मात्रांची. चार मात्रांचा एक बार तीन सेकंदांत संपतो, दर बारला एक कॉर्ड धरली तर मिनिटाला वीस बदल पुरतात. ते तुम्ही कधीच ओलांडलेत, तेही चार मिलिमीटरच्या गिटारवर. अडलंय कुठे तेही त्याच पानावर आहे: सी ते एफ, सात.

एफ ही कॉर्ड काय आहे, ते ज्याने धरली त्यालाच कळतं. पहिलं बोट आडवं टाकून पहिल्या फ्रेटवरच्या सगळ्या तारा दाबायच्या, आणि नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, इतक्या जवळ तार सगळ्यात कडक लागते. तीच पकड पाचव्या फ्रेटवर नेली तर निम्म्या त्रासात वाजते. गिटार सोडणाऱ्यांपैकी पुष्कळजण एफपाशीच सोडतात, मीही कॉलेजात असताना चार महिने सोडली होती. आमचे सर जुन्या वळणाचे, त्यांच्या मते कॅपो, म्हणजे मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, ही कुबडी. मला ते पटत नाही. पाय मोडलेल्याला कुबडी देतातच की. तुमचं गाणं सी, ए मायनर, एफ, जी असं फिरतं. कॅपो पाचव्या फ्रेटला लावा आणि जी, ई मायनर, सी, डी वाजवा. सूर तेच, पट्टी तीच, एफ गायब. या चारही कॉर्ड तुम्हाला येतात. हे तुम्हाला जुलैतच सांगायला हवं होतं.

एक-दोन-तीन-चार बोटांचा तो कंटाळवाणा व्यायाम मात्र चालूच राहील. त्यावर माझं आणि सरांचं एकमत आहे, करंगळी आयती तयार होत नाही.

जुळवण्याच्या वेळेबद्दल थोडं भांडतो. दिवाळी पहाटेला तुम्ही पुढच्या रांगेत बसता. तानपुरे जुळायला दहा मिनिटं लागली तर तिथे कोणी घड्याळ बघत नाही. इ ए डी जी बी इ हे सहा सूर कानात बसले नाहीत, तर घरी बेसूर गिटारवर रियाज होतो आणि ‘आपल्याला जमत नाही’ असं वाटत राहतं. तरी आपल्या क्लासमध्ये जुळवण्यात जाणारी पंधरा मिनिटं जास्तच आहेत. आठजण एका खोलीत मोबाईलच्या ॲपवर जुळवतात आणि तुमचा फोन शेजारच्या चिन्मयीची तार ऐकून काटा हलवतो. गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लागणारा ट्यूनर लाकडाची थरथर पकडतो, त्याला शेजारचा आवाज फारसा बाधत नाही. तसे आठ मागवलेत. हा बदल तुमच्या रिव्ह्यूमुळे झाला, एरवी मी अजून वर्षभर ढकललं असतं.

फीचं सांगतो. पूर्ण फी परत देणार नाही. सर चोवीस दिवस आले, शिकवलं, वहीत त्याची नोंद आहे. पण गिटार न तपासल्याने तुमचा निदान एक महिना वाया गेला, त्याचे २,५०० परत करतो. रोख हवे असतील तर रोख, नाहीतर पुढच्या महिन्यात वळते करू. पुढचा महिना नको असेल तरी पैसे मिळतील, त्यासाठी रिव्ह्यू बदलायची गरज नाही.

तुम्हाला न विचारता गिटारला पट्टीपलीकडे काही लावलेलं नाही. होकार कळवलात तर शनिवारपर्यंत सॅडल आणि तारा करून ठेवतो, खर्च आमचा. गिटार नुसतीच न्यायची असेल तर संध्याकाळी सातनंतर कधीही या. कव्हरच्या खिशात तुमचा चष्मा सापडला, तो माझ्या टेबलाच्या खणात ठेवलाय.