दाढी, कटिंग आणि चौदा-शून्य

निवृत्त होऊन शिरोड्याला राहायला आल्यापासून मला दोनच गोष्टींची भीती वाटते. एक, डोक्यावर पडणारी झावळ आणि दुसरी, डोक्यावर फिरणारी कात्री. झावळ बरी. ती पडताना आवाज करते आणि पडल्यावर गप्प बसते.

मुंबईत एकतीस वर्षं मी एअर इंडियाच्या हिशेब खात्यात काढली. विमान उडतं कसं ते मला आजही सांगता येणार नाही, पण त्याच्या इंधनाचं बिल कुठल्या खात्यावर टाकायचं ते झोपेतही सांगेन. सोबत आणलेल्या सामानात कंपनीची एक कापडी पिशवी होती, पगडीवाल्या महाराजाचं चित्र असलेली. धुऊन धुऊन महाराजाची एक मिशी गेलीय, पण पिशवीत दोन वाटे बांगडे आरामात मावतात. याच पिशवीने माझा घात केला.

बाजाराच्या वाटेवर सलून आहे. मालक वीसेक वर्षं पणजीत कात्री चालवून गावी परतलेला. खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. सगळे त्याला ‘धेंपो’ म्हणतात. गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लब या फुटबॉल संघावर त्याची अशी निष्ठा, की आरशाच्या डावीकडे आरवलीचा वेतोबा आणि उजवीकडे पेपरातून कापलेला संघाचा फोटो. उदबत्ती एकच, पण फिरते दोघांभोवती. फोटो इतका पिवळा पडलाय की अख्खी टीम काविळीने उठल्यासारखी दिसते.

फोटोखाली दरपत्रक. कटिंग 100, दाढी 60 आणि त्याच रंगात, त्याच अक्षरात पुढे 2004-05, 2006-07, 2007-08, 2009-10, 2011-12. पहिल्या दिवशी माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. मला वाटलं, ही कर भरल्याची आर्थिक वर्षं. प्रामाणिक माणूस दिसतो! पण मधली गाळलेली वर्षं पाहून काळजी वाटली. म्हटलं, “मधली तीन वर्षं भरायची राहिली वाटतं?”

कात्री थांबली.

“भरूची नाय ओ काकानू, जिकूची ऱवली! ही आमची लीग. 2005-06 तुमच्या मुंबयच्या महिंद्रान नेल्यान. 2008-09 चर्चिलान. आणि 2010-11...” इथे त्याने कंगवा झटकला. “ता सोडा.”

मीही सोडलं. तिथेच धरून ठेवायला हवं होतं.

मग त्याची नजर माझ्या मांडीवरच्या पिशवीवर गेली. “एअर इंडियात होतास तुमी?” मी होय म्हटलं. आता हा दुबईचं तिकीट स्वस्तात मिळेल का विचारणार, असं मला वाटलं, कारण गावात सगळे तेच विचारतात. त्याने वस्तऱ्यात नवीन ब्लेड घातलं, माझी मान मागे टेकवली, हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “मगे चौदा-शून्य ठावक असतला तुमका.”

मला ठाऊक नव्हतं. आता आहे. आय-लीग या देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च फुटबॉल लीगच्या 2010-11 च्या हंगामात, मे 2011 मध्ये, धेंपोने एअर इंडियाच्या संघावर चौदा गोल केले. आमच्याकडून एकही नाही. त्या मे महिन्यात मी ताळेबंदाच्या धांदलीत होतो. एकेका रुपयाचा फरक शोधायला रात्री जागवत होतो आणि तिकडे नावेच्या बाजूला चौदा गोल पडले, जमेला शून्य, तरी माझ्या टेबलावर साधा कागद आला नाही! आमची फुटबॉलची टीम आहे एवढं मी कँटीनमध्ये ऐकून होतो. पण हे धेंपोला सांगून उपयोग नाही. त्याच्या लेखी त्या दिवशी गोलात मीच उभा होतो.

नव्वद मिनिटांत चौदा म्हणजे साधारण साडेसहा मिनिटांना एक. माझी दाढी वीस मिनिटं चालते. त्या हिशेबाने एका दाढीत तीन गोल व्हायला हवेत, पण तो चौदाच्या चौदा बसवतो. आरशापुढच्या फळीवर पावडरचा डबा हा एअर इंडियाचा गोलकीपर आणि तुरटीचा खडा हा चेंडू. माझ्या अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून तो तुरटी बोटाने टिचकावतो. डबा आडवा होतो, पांढरा धुरळा उडतो, बाकड्यावर थांबलेली गिऱ्हाईकं “गोऽल!” म्हणतात. वाळत चाललेल्या फेसाखाली गाल चुरचुरत असतो. बोलायची सोय नाही, कारण वस्तरा गळ्याशी. मान हलवायची सोय नाही, त्याच कारणाने. सलूनमध्ये वाद घालताना एका पक्षाला फार अन्याय्य फायदा असतो.

चौदा संपले की मानसन्मान सुरू होतात. आर्मांदो कुलासो यांनी प्रशिक्षक म्हणून पाचही लीग कशा मिळवून दिल्या. जुन्या नॅशनल लीगचा शेवटचा विजेता धेंपो आणि नव्या आय-लीगचा पहिला विजेताही धेंपोच. 2008 साली आशियाई क्लबांच्या एएफसी चषकाची सेमीफायनल. रँटी मार्टिन्स या नायजेरियनाने 2011-12 च्या एका लीगमध्ये केलेले 32 गोल. एकदा तो म्हणाला, “आणि मगे क्लायमॅक्स...” मी सुटकेचा निःश्वास टाकून खुर्चीतून उठलो. पुढचा शब्द ‘लॉरेन्स’ होता. त्यांच्या मधल्या फळीतल्या खेळाडूचं नाव क्लायमॅक्स लॉरेन्स आहे. मला पुन्हा बसवण्यात आलं.

कोलकात्याच्या मोहन बागानचं नाव मात्र काढायचं नाही. मार्च 2020 मध्ये त्यांनी राष्ट्रीय लीग पाचव्यांदा जिंकून धेंपोशी बरोबरी साधली आणि पंधरवड्यात देशभर टाळेबंदी लागली. या दोन घटनांचा संबंध नाही, असं सलूनमध्ये आजवर कोणी म्हणू धजलेलं नाही.

मध्यंतरी मी वेंगुर्ल्याला जाऊन कटिंग करून आलो. तिथल्या पोराच्या कानात इअरफोन होते, तो शब्दही बोलला नाही. मी खुशीत घरी आलो. बायकोने मागून पाहिलं आणि विचारलं, “पैसे देऊन आलात?” पुढच्या महिन्यात पुन्हा धेंपोकडे. माणूस बोलतो फार, पण कात्रीला हात सोन्याचा आहे, हे मान्य करायला हवं.

मग मी अभ्यासाला लागलो. ‘ता सोडा’ म्हणून कंगवा झटकला होता, ते 2010-11 माझ्या डोक्यातून जात नव्हतं. ताळ्यात न बसणारी रक्कम मी आयुष्यात सोडलेली नाही. नातीला मोबाइलवर बघायला सांगितलं. आमच्यावर चौदा गोल चढवले, त्याच हंगामाची लीग कोणी नेली असेल? साळगावकर! त्याच गोव्यातल्या वास्कोच्या साळगावकरने! त्या रात्री मला निवृत्तीनंतरची सगळ्यात गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दाढी वाढली नव्हती, तरी गेलो. बाकड्यावर चार माणसं बघून समाधान वाटलं. फेस लागला, वस्तरा कानशिलापाशी आला आणि पावडरचा डबा उभा राहताच मी म्हणालो, “चौदा मारलेत, पण लीग साळगावकरने नेली ना?”

पंखा किरकिरत होता, तेवढाच आवाज. वस्तरा जिथे होता तिथेच थांबला, म्हणजे माझ्या गळ्यावर.

“ता माका ठावक असा,” तो म्हणाला.

आवाज असा पडला, की मलाच कसंतरी झालं. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, 2011-12 नंतर पाटीवर काहीच कसं नाही? आणि आगीतून फुफाट्यात पडलो. 2015 मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला, 2016 ला सेकंड डिव्हिजन जिंकून वर आला आणि त्याच वर्षी फेडरेशनच्या नव्या आराखड्याच्या निषेधात त्याने लीगच सोडली. गोव्याचेच साळगावकर आणि स्पोर्टिंग हे संघही बाहेर पडले.

“मग ते सेकंड डिव्हिजनचं तरी लिहायचं. जिंकलेच होते की.”

“काकानू, तुमी धावीत नापास होवन ऑक्टोबरात पास झालास तर ता सर्टिफिकेट फ्रेम करतालास?”

याला उत्तर नव्हतं. त्याने मुकाट्याने दुसरा गाल केला. तुरटी त्या दिवशी फक्त गालावर फिरली. साठ रुपये घेताना त्याने वर पाहिलं नाही आणि मी घरी पोचेपर्यंत बायकोला सांगायचा विजयाचा सगळा मजकूर बेचव झाला होता.

महिनाभराने गेलो तो जरा जपूनच. झालं गेलं विसरावं म्हणून महाराजाला घरी खुंटीवर ठेवला आणि कापडदुकानातली एक कोरी पांढरी पिशवी घेतली. धेंपोने कपडा झटकून माझ्या गळ्याभोवती बांधला, पाण्याचा फवारा मारला, पिशवीकडे पाहिलं आणि पावडरचा डबा फळीच्या मधोमध सरकवला.

“पिशवी बदललास म्हणान स्कोर बदलता काय ओ?”