पिनाटुबोच्या नावावर खपवलेला हिशेब

'फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने १९९१ मध्ये जेवढा कार्बन डायऑक्साइड ओकला, तेवढा अख्ख्या मानवजातीने आजवर सोडलेला नाही. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीने चार दिवसांत तुमची पाच वर्षांची काटकसर मातीमोल केली. तेव्हा गाड्यांना आणि वीजकेंद्रांना दोष देणे थांबवा', अशा आशयाचा संदेश कित्येक वर्षे फिरतो आहे. त्याचा सूर अभ्यासकाचा असल्याने तो सहज पटतो.

पिनाटुबोतून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे ५ कोटी टन होता. त्याच वर्षी कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून माणसाने २,२०० कोटी टनांहून अधिक सोडला, म्हणजे दिवसाला सुमारे ६ कोटी टन. विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक असलेला हा उद्रेक माणसाच्या एका दिवसाचीही बरोबरी करू शकला नाही. 'आजवरच्या' उत्सर्जनाची गोष्टच सोडा. शिवाय या उद्रेकाने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड थेट स्थितांबरात (ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात) फेकला, त्यापासून बनलेल्या सूक्ष्म थेंबांनी सूर्यप्रकाश परतवला आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. संदेशाने उभा केलेला साक्षीदारच असा उलटला आहे.

आइसलँडच्या एयाफ्यातलायोकुत्लचा (हे नाव उच्चारताना तेव्हा वृत्तनिवेदकांचीही तारांबळ उडाली होती) दैनंदिन उत्सर्ग दीड लाख टनांच्या घरात होता. राखेमुळे युरोपातील विमाने जमिनीवर अडकली आणि त्यांचे न जळलेले इंधन हिशेबात धरले, तर त्या दिवसांत हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची बचतच झाली असावी, असा अंदाज तेव्हा मांडला गेला.

'हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणीच हवाई बेटांवरील मौना लोआ या ज्वालामुखीवर होते, मग आकडे फुगणारच', ही या संदेशाला पुढे चिकटलेली पुरवणी. आक्षेप रास्त वाटतो, पण तो मोजणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. विवरातला वायू वाऱ्याबरोबर केंद्राकडे आला, तर नोंदीत अल्पकाळ अनियमित उसळ्या दिसतात आणि त्या वगळल्या जातात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हजारो किलोमीटर दूर, दक्षिण ध्रुवावरही तीच चढण दिसते: १९५८ मध्ये दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग, आज ४२० च्या वर. हा वाढीव कार्बन कुठून आला, हेही त्याच्या घडणीवरून कळते. कार्बनच्या दोन रूपांपैकी वनस्पती हलका कार्बन-१२ अधिक पसंत करतात, त्यामुळे त्यांच्यापासून बनलेल्या कोळशात आणि तेलात जड कार्बन-१३ कमी असतो. हवेतले कार्बन-१३ चे प्रमाण नेमके घटते आहे. ज्वालामुखीच्या वायूने ते असे घटले नसते.

ज्वालामुखी हवामान बदलू शकत नाहीत, असे मात्र कोणी म्हणू नये, आणि सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांनी तर नाहीच. घाटरस्त्यासाठी फोडलेल्या काळ्या कातळात जी बारीक भोके दिसतात, ती लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या त्या उद्रेकांनी खरोखरच हवामानात उलथापालथ घडवली, परंतु ते लाखो वर्षे चालले होते. आज जगातले सारे ज्वालामुखी मिळून वर्षाला जे सोडतात, ते माणसाच्या सुमारे ३,७०० कोटी टनांच्या जेमतेम एक टक्का भरते.