नक्कल म्हणून सोडून देऊ नका

लेख आवडला, पण कोरियातल्या पितरांच्या पूजेच्या मातीच्या भांड्यांना 'ब्राँझच्या भांड्यांची ओबडधोबड नक्कल' म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. आकार धातूच्या भांड्यांवरून घेतले हे खरंच. कोरियाच्या सेजोंग राजाच्या (१५वं शतक) इतिवृत्तात विधींच्या भागात त्यांची चित्रंच दिलेली आहेत. पण १५व्या-१६व्या शतकातली बुनचोंग (करड्या मातीवर पांढरा लेप दिलेल्या) प्रकारातली 'बो' आणि 'ग्वे' (धान्य ठेवायची, एक चौकोनी, दुसरं गोल) नीट बघा. ब्राँझवरची काटेकोर नक्षी कुंभाराने पांढरा लेप देऊन मोकळ्या हाताने कोरली आहे. रेघ कुठे जाड, कुठे तिरकी. मला तर त्यात मूळ भांड्यापेक्षा जास्त जीव दिसतो.

नंतरच्या काळातल्या पांढऱ्या पोर्सिलेनच्या ताटल्यांबद्दल लेखात एकच ओळ आहे, याचं वाईट वाटलं. उंच बैठक, वर सपाट ताटली आणि मधोमध निळ्या कोबाल्टने वर्तुळात लिहिलेलं 'विधी' या अर्थाचं एकच चिनी अक्षर. बाकी काही नाही! त्यावर फळं, तांदळाचे केक रचले की ते अक्षर झाकलं जातं. सफरचंद, नासपतीचा वरचा भाग कापून ठेवायची पद्धत आजही चुसोकला (कोरियातला सुगीचा सण) दिसते, ताटल्या मात्र बऱ्याच घरांत लाकडी किंवा पितळी असतात.

राजघराण्यासाठी पोर्सिलेन बनवणाऱ्या ग्वांगजूच्या (ग्योंगी प्रांतातल्या) भट्ट्या सरपणासाठी जागा बदलत राहायच्या, १७५२ मध्ये बुनवोन गावी स्थिरावल्या. त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहाच, आणि भांड्यांच्या तळाचे फोटोही द्या.