नाही आलोय मी

दिवाळी अंकांच्या कथा यायला लागल्या की माझा डोंबिवली ते दादर प्रवास प्रुफांतच जातो. मुद्रितशोधनाचं काम करते मी, बावीस वर्षं झाली. परवा एका कथेतल्या एका ओळीशी अडकले ती दादर आलं तरी सुटेना.

परळच्या चाळीतली आई. मुलगा भांडून घर सोडून गेलेला. रात्री उशिरा त्याचा फोन लागतो आणि ती विचारते, “आला नाहीस ना रे?” तो म्हणतो, “नाही आलोय मी”. पुढच्या ओळीत आई उंबऱ्यावर बसते, पदर तोंडाला लावते.

आता सांगा, तो आलाय की नाही? “नाही, आलोय मी.” असेल तर तो खाली जिन्यापाशी उभा आहे. “नाही आलोय मी.” असेल तर तो कुठल्या तरी लांबच्या फलाटावर आहे आणि आई रात्रभर जागी राहणार आहे. दोन्ही वेळा ती उंबऱ्यावर बसेल, दोन्ही वेळा रडेल.

लेखकाला फोन केला. तिशीतला मुलगा, लिहितो सुंदर. म्हणाला, “ताई, तुम्हीच टाका ना काय ते. चिन्हं तुम्हीच बघता ना?”

फार लागलं मला ते. ऱ्हस्व-दीर्घ मी बघते, ते माझं कामच आहे. पण ती आई कशासाठी रडतेय हे मी कसं ठरवायचं?

हल्ली हे वरचेवर होतंय. संहितेत जिथे तिथे टिंबं, कधी पाच, कधी आठ. अरे, “तू जा...” म्हणजे बोलणाऱ्याचं मन पुढे जात नाहीये. “तू जा—” म्हणजे समोरच्यानं त्याला पुढे बोलू दिलं नाही. दोन्हीकडे टिंबंच टिंबं दिली तर भांडण आणि हुरहुर सारखीच दिसायला लागते. तसंच “मी निघते,” ती म्हणाली. इथे वाक्य संपलेलं नाही, म्हणून अवतरणाच्या आत स्वल्पविराम. पण “मी निघते.” तिनं पर्स उचलली. इथे पूर्णविरामच हवा, कारण पर्स उचलणं म्हणजे बोलणं नव्हे. आणि प्रश्नचिन्ह दिल्यावर त्याला पुन्हा स्वल्पविराम चिकटवू नका.

आपल्या मराठीत ‘की’चं एक वेगळंच आहे. ‘तो म्हणाला की मी येतो’ यात ‘मी’ त्याचाच राहतो, अवतरणाशिवायही. म्हणून ‘की’ घातला तर अवतरणचिन्हं नकोत आणि अवतरण दिलं तर ‘की’ नको, असं माझं ठाम मत आहे. बरेच चांगले लेखक दोन्ही देतात, मी दर वेळी एक काढते.

कुणी म्हणतं, ही चिन्हं इंग्रजांची, मोडीत कुठे होती? खरंय. मोडीत शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत. आपल्याकडे विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशावर काम करणारे तेच. पण पोथी मोठ्यानं वाचली जायची. वाचणारा कुठे थांबायचं ते आवाजात दाखवायचा, ऐकणाऱ्यांना खुणांची गरज नव्हती. १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक मुंबईत निघाला तोवर वाचक एकटा मनात वाचायला लागला होता. आज तो गर्दीच्या डब्यात दांडीला धरून मोबाइलवर वाचतोय. त्याला आवाज कोण देणार? अवतरणचिन्हं मुद्दाम गाळून लिहिणारेही आहेत, आणि त्यांतले जे जमवतात त्यांना मी मानते. त्यांच्या वाक्यात कोण बोलतंय ते शब्दांच्या ठेवणीवरूनच कळतं.

माझ्या स्वतःच्या एका कथेचं जुन्या फॉन्टमधून युनिकोड करताना अवतरणचिन्हं गळाली आणि ती एका अंकात तशीच छापली गेली. दोन जावांचं भांडण होतं. एका वाचक बाईंनी विचारलं, “ती एकटीच का बडबडते हो?” मी तो अंक अजून कपाटातून काढलेला नाही.

तिसऱ्या दिवशी त्या मुलाचा फोन आला. आवाज बसलेला.

“ताई, दोन रात्री वाचत होतो. स्वल्पविराम नकोय. तो नाही आलाय.”

मी फक्त पूर्णविराम अवतरणाच्या आत घेतला आणि पान पुढे पाठवलं.