हर्णैला जेटी हवीच, पण वाळूचंही बघा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदराला जेटी, म्हणजे होड्या लावायचा धक्का, हवी असं सांगणारा लेख वाचला. जेटी हवीच. आज मोठ्या होड्या आत खोल समुद्रात उभ्या राहतात, मासळी छोट्या होडीतून, मग बैलगाडीतून लिलावाला येते. गुडघाभर पाण्यातून डोक्यावर टोपली घेऊन चालणाऱ्या बाया मी लहानपणापासून बघतोय. तेवढ्या वेळात पापलेट मऊ पडलं की भाव गेलाच. पण जेटीसाठी लाटा अडवायला बंधारा घातला की वाळूची वाट बदलते. एकीकडे साठते, दुसरीकडे किनारा खचतो. शेजारी आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्यांना वाळूच लागते. म्हणून बांधण्याआधी लाटांचा आणि वाळूचा अभ्यास नुसता उन्हाळ्यात उरकू नका, पावसाळ्यातला समुद्र वेगळाच असतो. बंदरातून उपसलेला गाळ कुठे टाकणार तेही आधी सांगा. आणि अहवाल मराठीत, लिलावाच्या जागेवरच वाचून दाखवा.