अर्ज ‘निकाली’ निघाला, हेलपाटे कोण मोजणार?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतोय: ‘सगळं ऑनलाइन झालंय, ‘सकाल’ या कर्नाटकच्या सेवा-हमी कायद्यामुळे अर्ज मुदतीत निघतात. मग आवक-जावक, आस्थापना, लेखा, दप्तरखाना कशाला पोसायचे? जे टेबल अर्ज काढतं तेवढं ठेवा. बाकीच्यांचं काम तर मोजताही येत नाही.’ मी कचेरीतच केस पांढरे केलेत, तेव्हा गप्प बसवेना.

आधी मुदतीचं. ‘सकाल’चा कायदा २०११चा, अंमल २०१२पासून. अर्ज घेतला की १५ आकडी नंबर मिळतो आणि दिवस मोजायला सुरुवात होते. उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००, तेही जबाबदार अधिकाऱ्याकडून. कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नामंजूर अर्जही हिशेबात निकालीच धरतात. आणि ‘झेरॉक्स कमी आहे, उद्या या’ म्हणून खिडकीवरूनच परत पाठवलेल्या म्हातारीला नंबरच मिळालेला नसतो. तिचा एसटीचा खर्च कुठल्या तक्त्यात धरायचा?

दप्तरखान्याची गोष्ट आणखी वेगळी. आपला बेळगाव जिल्हा १९५६पर्यंत मुंबई राज्यात. त्यामुळे इकडे बऱ्याच जुन्या नोंदी मराठीत, काही मोडी लिपीत, आणि आताचा उतारा कन्नडमध्ये. एका वारसा नोंदीत आजोबांचं नाव जुळेना: जुन्या कागदावर ज्ञानू, उताऱ्यावर ग्यानू, नातवाच्या आधारवर ज्ञानेश्वर. दप्तरखान्यातला कारकून दोन दिवस धुळीत जुन्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडी गठ्ठे, सोडत बसला, तेव्हा कुठं मूळ फेरफार सापडला. अर्ज निकाली निघाला तो सही करणाऱ्या टेबलाच्या नावावर. कारकुनाच्या खात्यात त्या दोन दिवसांचं काम शून्य!

मोजता येत नाही हे तर साफ खोटं. मागितलेलं दप्तर किती दिवसांत टेबलावर आलं, त्रुटी एकदम कळवल्या की एकेक करून, निवृत्ताची पेन्शन कितव्या महिन्यात सुरू झाली, बिल लेखाशाखेतून किती वेळा हरकत लागून परत गेलं, हे सगळं कागदावर असतं.

कामचुकार असतात, हे मात्र खरं. आमच्याकडे एकजण टपाल खणात कोंबून तीन आठवड्यांनी पुढं पाठवायचा. साहेबांनी एका शनिवारी आवक आणि जावक रजिस्टरं शेजारी ठेवून तारखा ताडून बघितल्या. सोमवारी त्याचं टेबल बदललं.