सहा टक्के कॅशबॅक कोणाच्या खिशातून?

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय गप्पांत क्रेडिट कार्डाचा विषय निघाला की गाडी हल्ली एकाच फलाटावर थांबते: विमानतळावरचा लाउंज. अमुक बँकेने तो काढून घेतला, तमुक बँक म्हणते आधी तिमाहीत ठरावीक खर्च करा, मग आत या. त्यापाठोपाठ पॉइंटचं मूल्य घसरल्याचं रडगाणं येतं. आणि मग कुणीतरी अमेरिकेचा दाखला देतं. तिकडे किराण्यावर सहा टक्के परत मिळतात, नवीन कार्ड घेतलं की विमानाचं तिकीट फुकट, आपल्याच बँका कंजूष.

न्यू जर्सीत बसून हा वाद वाचताना वाटतं की तुलनेसाठी नेमकी चुकीची गोष्ट उचलली आहे. अमेरिकेकडून घेण्यासारखं काही आहे, पण ते कॅशबॅक नव्हे. आणि भारतीय कार्डाबद्दल रागवायचंच असेल तर लाउंज हे फार किरकोळ कारण झालं.

आधी ते सहा टक्के पाहू. अमेरिकेत असं कार्ड आहे. वार्षिक फी ९५ डॉलर, सुपरमार्केटच्या खरेदीवर सहा टक्के परत, पण वर्षाला पहिल्या ६,००० डॉलरपर्यंतच. त्यापुढे एक टक्का. बिनफीची सरसकट दोन टक्के देणारी कार्डं सहज मिळतात, म्हणजे खरा फायदा चार टक्क्यांचा. ९५ डॉलर वसूल व्हायला वर्षाला २,३७५ डॉलरचा किराणा हवा, महिन्याला साधारण दोनशेचा. चौघांच्या घरात तो सहज होतो. मात्र घाऊक क्लब (सभासदांसाठीची ठोक दुकानं) आणि मोठी सुपरस्टोअर्स यात धरत नाहीत, आणि आपल्या इंडियन ग्रोसरीवाल्याचं दुकान कार्डाच्या नोंदीत कोणत्या वर्गात पडलंय, ते पहिलं बिल आल्यावरच कळतं. गहू-तांदूळ तोच, पण नोंद ‘किरकोळ खाद्यपदार्थ’ अशी असेल तर एकच टक्का.

हाच हिशेब भारतात लावून बघा. हजार रुपये वार्षिक फी म्हणजे जीएसटी धरून १,१८०. फीवालं कार्ड दीड टक्का देतं आणि फुकटचं एक टक्का, तर वर्षाला २,३६,००० रुपये खर्च केल्यावर तुम्ही कुठे शून्यावर येता. त्यातही पेट्रोल, भाडं, विमा, वॉलेट यांवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत किंवा निम्मे देतात. हे खर्च वगळून बेरीज केली तर निम्म्या लोकांचं फीवालं कार्ड तोट्यात निघेल असा माझा अंदाज आहे.

आता हे पैसे येतात कुठून? दुकानदाराकडून. अमेरिकेत क्रेडिट कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे दुकानदार साधारण दोन टक्के मोजतो, प्रीमियम कार्ड असेल तर जास्त. ते तो किमतीत घालतो. रोख देणाऱ्या मेक्सिकन मजुरानेही त्याच किमतीत दूध घेतलेलं असतं, त्याला परत काही मिळत नाही. डेबिट कार्डावरच्या या शुल्काला २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यातल्या डर्बिन दुरुस्तीने लगाम घातला, क्रेडिट कार्डाला मात्र हात लावला नाही. युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून क्रेडिट कार्डावर ०.३ टक्क्याची आणि डेबिटवर ०.२ टक्क्याची मर्यादा घातली. जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसाला विचारा, कॅशबॅक कसला असतो? तो हसेल. शुल्क आटलं तिथे पॉइंटही आटले.

भारताने आणखी पुढची वाट धरली. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला शुल्कच नाही. भाजीवाल्या मावशींकडे क्यूआर कोड लटकलेला दिसतो तो त्यामुळे. ही सोय हवी आणि वर अमेरिकेसारखं कॅशबॅकही हवं, हे एका ताटात बसत नाही. मला विचाराल तर क्यूआर कोड ठेवा, कॅशबॅक सोडा.

खरी ठसठस व्याजात आहे. भारतातल्या मोठ्या बँकांचा कार्डावरचा दर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के. अमेरिकेत सरासरी २१ टक्क्यांच्या आसपास आणि तिथे त्यावरूनही ओरड चालू असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये डावीकडचे सँडर्स आणि उजवीकडचे हॉली या राजकारणाच्या दोन टोकांच्या सिनेटरांनी मिळून दहा टक्क्यांच्या मर्यादेचं विधेयक आणलं. भारतात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांवरचं व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो आदेश रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत, आयोगाचा नाही, असा त्याचा मथितार्थ. लाउंजवर रोज खल करणाऱ्या किती जणांनी त्या निकालावर दोन वाक्यं बोलली असतील?

आकड्यात बघू. बिल ६०,००० रुपये. ‘किमान रक्कम’ पाच टक्के, म्हणून ३,००० भरले आणि सुटलो असं वाटलं. उरलेल्या ५७,००० वर महिना ३.६ टक्क्याने २,०५२ रुपये व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ३६९. पुढच्या बिलात एक रुपयाची नवी खरेदी नसली तरी ५९,४२१ रुपये दिसतात. त्याचे पाच टक्के २,९७१. ते भरल्यावर मूळ कर्जातून कमी झाले किती? ५५०. प्रत्यक्षात याहूनही वाईट होतं, कारण व्याज देय तारखेपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून लागतं. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. कार्डावर थकबाकी ठेवून त्याच कार्डाने दूध-भाजी घेणारा माणूस पहिल्या दिवसापासून त्या भाजीवर व्याज भरत असतो, आणि हे त्याला ठाऊक नसतं. पुढे कधीतरी सगळे पैसे फेडले तरी त्यानंतरच्या बिलात थोडं व्याज उमटतं. बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते असतं. लोक चिडून ते भरत नाहीत, त्यावर उशिराचा दंड बसतो आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवर, डाग.

बिनव्याजी मुदतीचे ‘५० दिवस’ही नीट समजून घ्यायला हवेत. बिल ५ तारखेला निघत असेल तर ६ तारखेच्या खरेदीला जवळजवळ ५० दिवस मिळतात, ४ तारखेच्या खरेदीला जेमतेम २०. मोठी खरेदी बिलाच्या दुसऱ्या दिवशी करावी, एवढाच त्यातला अर्थ. पगाराच्या तारखेशी बिलाचं चक्र जुळत नसेल तर ते निदान एकदा बदलून मागण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने ग्राहकाला दिला आहे. बँका तो आपणहून फारसा सांगत नाहीत.

मग अमेरिकेकडून घ्यायचं काय? बिलावरची एक छोटी चौकट. २००९ च्या कार्ड कायद्यानुसार प्रत्येक बिलावर तुमच्याच थकबाकीचा हिशेब छापावा लागतो: फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर इतकी वर्षं लागतील, एकूण इतके डॉलर जातील, तीन वर्षांत संपवायचं असेल तर महिन्याला इतके भरा. भारतातल्या बिलावरही इशारा असतो, पण तो एक सर्वसाधारण वाक्य असतो: किमान रक्कम भरल्यास परतफेड लांबेल. ‘लांबेल’ आणि ‘सतरा वर्षं’ यांत फरक आहे. बँकेच्या संगणकाला तो आकडा काढायला क्षणही लागत नाही. त्याच कायद्याने बिल देय तारखेच्या निदान २१ दिवस आधी पाठवणं बंधनकारक केलं, आणि किमानपेक्षा जास्त भरलेले पैसे सगळ्यात महाग थकबाकीकडे वळवायला लावले. रोख उचल, खरेदी, शून्य टक्के सवलतीची थकबाकी असे तीन दर एकाच कार्डावर असतील तेव्हा या तरतुदीचं मोल कळतं.

अमेरिका म्हणजे ग्राहकांचा स्वर्ग, असं मात्र समजू नका. १९७८ च्या मार्क्वेट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बँकेला तिच्या स्वतःच्या राज्यातला व्याजदर देशभर लावायची मुभा दिली. डेलावेअर आणि साउथ डकोटाने मर्यादा उठवली आणि कार्डवाल्या बँका तिकडे गेल्या. कार्डाच्या पाकिटावर डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनचा किंवा साउथ डकोटातल्या सू फॉल्सचा पत्ता का असतो, त्याचं उत्तर हे. त्यातल्या त्यात एक कोपरा वेगळा आहे: संघीय क्रेडिट युनियन, म्हणजे आपल्या पतसंस्थेची तिथली बहीण. तिला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. ज्या महाराष्ट्रात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत तिथे ही तुलना कुणाला सुचत नाही, याचं नवल वाटतं.

महागड्या कार्डांचं सोंग तर तिथे जास्तच. २०२५ मध्ये चेस सफायर रिझर्व्हची फी ५५० वरून ७९५ डॉलर झाली, अमेरिकन एक्सप्रेस प्लॅटिनमची ६९५ वरून ८९५. बदल्यात फायदे वाढवले म्हणतात, पण ते बारीक तुकडे करून. प्लॅटिनमवरचे टॅक्सीचे २०० डॉलर बघा: अकरा महिने १५-१५ आणि डिसेंबरमध्ये ३५. ज्या महिन्यात वापरले नाहीत त्या महिन्याचे बुडाले. दिवाळी अंकातली कुपनं जपून कापणाऱ्या आजीलाच ते कार्ड परवडेल.

एका बाबतीत दोन देशांची तुलना खरोखर अवघड आहे, ती म्हणजे ओटीपी. अमेरिकेत कार्डाचा नंबर आणि मागचे आकडे घातले की ऑनलाइन खरेदी पार पडते. भारतातून आलेल्याला हे भीतीदायक वाटतं, आणि चोऱ्या होतातही. पण कायद्याने ग्राहकावर जास्तीत जास्त ५० डॉलरचा भार, आणि प्रत्यक्षात तोही घेत नाहीत. बिलावर आक्षेप असेल तर पहिलं बिल निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी कळवायचं. बँकेला ३० दिवसांत पोच आणि दोन बिलचक्रांत, फार तर ९० दिवसांत निकाल द्यावा लागतो. तोवर वादातली रक्कम भरायची नाही. भारतातही रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाकडून झालेली फसवणूक तीन कामकाजी दिवसांत कळवली तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, आणि दहा कामकाजी दिवसांत पैसे खात्यावर तात्पुरते जमा. कागदावर उत्तम. पण ओटीपी तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर ती तुमची निष्काळजी. तक्रार नोंदवेपर्यंतचा सगळा तोटा तुमचा. ओटीपीने चोरी कमी केली हे खरं, आणि उरलेल्या चोरीचं ओझं बँकेवरून ग्राहकाच्या डोक्यावर सरकवलं हेही तितकंच खरं. चोर आता यंत्र फोडत नाहीत, आजोबांना फोन करतात. देशात वाद घालायचा तर या नियमावर घाला.

आता निघणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ऑगस्टमध्ये शिकायला येणाऱ्या मुलांना अमेरिकेत सिबिलचा स्कोअर दाखवून सहसा काही मिळत नाही. बहुधा २०० ते ५०० डॉलर अनामत ठेवून कार्ड घ्यावं लागतं आणि लिमिट तितकंच. यात चूक होते ती अशी: ५०० च्या लिमिटवर ४०० खर्च करायचे, बिल आल्यावर वेळेत पूर्ण भरायचे, आणि तरी स्कोअर का वाढत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा. पत नोंदवणाऱ्या कंपन्यांकडे जो आकडा जातो तो बिल निघतानाचा असतो, तिथे ८० टक्के वापर दिसतो. बिल निघायच्या दोन दिवस आधी ३५० भरून टाका, ५० चं बिल निघू द्या आणि ते देय तारखेच्या आत पूर्ण भरा. आई-वडिलांचं भारतीय कार्ड तिथे सर्रास वापरू नका. साडेतीन टक्के परकी चलन शुल्क अधिक जीएसटी धरून ४.१३ टक्के जातात. यंत्राने ‘रुपयांत घेऊ का’ विचारलं तर डॉलर निवडा, नाहीतर रूपांतराचा दर यंत्रवाला ठरवतो.

दुसरी गोष्ट घरी राहिलेल्या कार्डाची. ते कपाटात ठेवून माणूस विमानात बसतो. वर्षाने फी लागते, सिम बंद पडलेलं असतं, ईमेल जुन्या कंपनीचा. पाचशेची फी दंड-व्याजासह वाढत जाते आणि पाच वर्षांनी पुण्यात घरकर्ज घ्यायला गेल्यावर सिबिलमध्ये ती उगवते. वापरायचं नसेल तर निघण्याआधी थकबाकी शून्य करून बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. बँकेला सात कामकाजी दिवसांत ते बंद करावं लागतं, त्यापुढे प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. अमेरिकेत अशी तरतूद नाही. अर्जाची पोच मात्र जपून ठेवा, आणि महिन्याभराने सिबिलचा अहवाल काढून त्यावर ‘बंद’ असं लिहिलंय ना ते बघा. ‘तडजोड’ (सेटल्ड, म्हणजे पूर्ण पैसे न भरता मिटवलेलं) असं असेल तर लगेच बँकेला लिहा.